रडू आता का येतंय? आघातानंतर बरं होणं कोणतं आणि बिघडणं कोणतं

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, घर डोंबिवलीत, नोकरी फोर्टमध्ये. गेल्या ऑक्टोबरमध्ये सकाळच्या गर्दीत दारात उभी असलेली एक बाई त्यांच्या डोळ्यांदेखत धावत्या लोकलमधून पडली. त्या स्वतः दांडा घट्ट धरून राहिल्या म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या, पुढचे चार-पाच महिने ‘काहीच वाटलं नाही’. मग ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली, रोजची दगदग थांबली, आणि आता मान-खांदे आखडलेले, छातीत धडधड, पोट बिघडलेलं, घरच्यांवर चिडचिड, वेळी-अवेळी रडू, आणि स्टेशनच्या दिशेने पाऊलच पडत नाही. ईसीजी आणि थायरॉइड नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलम दिली आहे. बहीण म्हणते, विपश्यनेला जाऊन ये. त्या विचारतात: घरच्यांनी काय करावं, आणि मुळात मी बरी होतेय की बिघडत चाललेय?

दोन्ही. उशिरा आलेलं रडू, राग आणि थकवा हे बहुतांशी बरं होण्याच्या बाजूचं आहे. स्टेशनच्या दिशेने पाऊल न पडणं हे बिघडण्याच्या बाजूचं आहे. घरून काम मिळालं आणि दोन्ही एकदम सुरू झालं, म्हणून तुम्हाला काही उमगेनासं झालंय. पुढचं सगळं उत्तर या दोन गोष्टी वेगळ्या करण्याबद्दल आहे.

आधी तपासण्यांचं संपवून टाकू. ईसीजी आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी झाली, चांगलं झालं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि साखर झाली नसेल तर तीही करून घ्या. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की धडधडीचा अर्धा भाग तिथे निघू शकतो, आणि मग सगळा दोष मनावर टाकल्यासारखं होतं. चालताना किंवा जिने चढताना छातीत दुखणं, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरणं, शुद्ध हरपणं, शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर ते आघाताच्या खात्यावर टाकू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. हे काही नसेल तर तपासण्या पुन्हा पुन्हा करत बसू नका. दर महिन्याला नवा ईसीजी काढला की दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी शंका परत येते.

रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ त्रास खोटा असा नाही. हृदय ठीक आहे, पण त्याला वेगाने धावायचा हुकूम मिळतोय. तो देतो मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग. त्या दिवशी त्याने जे जे टिपलं, म्हणजे मागून आलेला धक्का, हॉर्न, घामाचा आणि लोखंडाचा वास, हाताला लागलेला गार दांडा, ते सगळं ‘धोका’ या सदरात गेलं. आता यातलं काहीही समोर आलं की तुम्ही विचार करायच्या आत हुकूम सुटतो. एरवी हिप्पोकॅम्पस हा भाग आठवणीला तारीख आणि जागा चिकटवतो, ‘हे तेव्हा झालं, तिथे झालं’. भीतीच्या शिखरावर हे काम अर्धवट राहतं. म्हणून ती आठवण जुन्या गोष्टीसारखी आठवत नाही, आत्ता घडत असल्यासारखी अंगावर येते.

हुकूम सुटला की अ‍ॅड्रेनालिन येतं. ते रक्तातून काही मिनिटांत ओसरतं. मागोमाग येणाऱ्या कॉर्टिसोलचं प्रमाण निम्म्यावर यायलाच तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणून धडधड थांबल्यावरही दीड-दोन तास अंगात थरथर, चिडचिड, पोटात गोळा राहतो. यात नवीन काही बिघडत नसतं, जुनंच ओसरत असतं. त्या दोन तासांत नवऱ्याशी घरखर्चाचा विषय काढू नका, एवढं पथ्य पाळलं तरी घरातली निम्मी भांडणं टळतात.

मान आणि खांदे यांचं वेगळं आहे. सावध शरीर खांदे कानांकडे ओढतं, जबडा आवळतं, पोट आत घेतं आणि श्वास वरच्या वर ठेवतं. हे पाच मिनिटं केलं तर काही होत नाही, महिनोन्‌महिने केलं तर मानेच्या मागे आणि कानशिलांत दुखणं बसतं. रात्री दात खाल्ले जातात, सकाळी जबडा जड वाटतो. वरच्या वर घेतलेला श्वास नकळत जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मग बोटांना, ओठांभोवती मुंग्या, डोकं हलकं, छाती आवळल्यासारखी वाटते. हार्ट अटॅकच्या भीतीने रात्री कॅज्युअल्टीत जाणाऱ्या आणि ‘काही नाही, गॅस आहे’ ऐकून परतणाऱ्या कितीतरी लोकांचं दुखणं हेच असतं. पोट बिघडतं कारण धोक्याच्या वेळी पचन हे शरीराच्या यादीत शेवटी असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मुंबईत सध्या याचा मोठा बाजार आहे. शरीर आघात धरून ठेवतं हे खरं, पण स्नायूंत आठवण साठलेली नसते. कमरेत अडकलेलं दुःख मोकळं करणारी शिबिरं, दोन दिवसांत आघात ‘रिलीज’ करणारा मसाज, यांच्यामागे भक्कम आधार नाही. मसाजने खांदे मोकळे होतात आणि झोप लागते, तेवढ्यासाठी जरूर करा. धडा शिकलाय तो मेंदू आणि मज्जासंस्था, तेव्हा नवा धडाही त्यांनाच शिकवावा लागतो.

आता पहिले चार-पाच महिने काही न वाटण्याबद्दल. तुम्हाला वाटतंय की तेव्हा बरं होतं आणि आता घसरण झाली. तसं नाही. तेव्हा तुम्ही रोज त्याच गाडीने जात होतात, त्याच दाराजवळून उतरत होतात. धोका रोजचा असताना शरीर भावना बाजूला ठेवतं, कारण ८ वाजून काही मिनिटांच्या गाडीत रडत बसणं परवडत नाही. घरी राहिल्यावर धावपळ थांबली आणि बाजूला ठेवलेलं वर आलं. मांडी घालून बसल्यावर बधिर झालेला पाय मोकळा केला की आधी कळ येते, तसंच हे. पूर्ण लक्षणं सहा महिन्यांनंतर दिसणं हेही निदानाच्या नियमावलीत नोंदलेलं आहे. आणि ‘मला कुठे काय झालं, पडली ती’ हे मनातून काढून टाका. डोळ्यांसमोर मृत्यू किंवा भयंकर इजा पाहणं हाही पूर्ण आघात मानला जातो.

आपल्या शहराची एक सवय यात भर घालते. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी लोक त्याच मार्गाने कामावर गेले, याचं आपण अजून कौतुक करतो. कामावर जाण्यात चूक काहीच नाही. दिनक्रम चालू राहणं बरं होण्यासाठी चांगलंच असतं. पण कौतुक झालं की माणूस झोप उडाल्याचं कुणाला सांगत नाही. तुम्हीही पाच महिने सांगितलं नाहीत, असं पत्रावरून दिसतं.

वर येणाऱ्या भावना एका क्रमाने येत नाहीत. आज राग, उद्या काहीच नाही, परवा मालिकेतल्या फालतू प्रसंगावर हुंदका. राग बहुतेक जवळच्या माणसावर निघतो, कारण तिथे तो सुरक्षित असतो. सुट्टीच्या दिवशी, लग्नकार्य पार पडल्यावर, आजारी सासूबाई बऱ्या झाल्यावर, म्हणजे जरा कुठे उसंत मिळाली की अंग गळून जातं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींना हे सगळं जास्त होतं. नवऱ्याचा स्पर्श नकोसा वाटणंही यातच आलं. त्याचा अर्थ माणूस नकोसा झाला असा नसतो. मागून अचानक येणारा हात नकोसा असतो. हे त्यांना शब्दांत सांगितलं नाही तर ते वेगळाच अर्थ काढतात.

सगळ्यांत चिवट असते अपराधी भावना. ‘मी तिचा हात धरला असता तर’. तो प्रसंग घडला तेव्हा तुमच्या हाताशी क्षणभराचा वेळ होता आणि हात दांड्यावर आवळला जाणं ही प्रतिक्षिप्त क्रिया होती. जागच्या जागी थिजणंही तसंच. मेंदूचा खालचा भाग ते करतो, तिथे तुमची संमती घेतली जात नाही. पण हे तर्काने पटूनही भावना जात नाही, कारण अपराधीपणात एक छुपा दिलासा असतो: माझी चूक असेल तर पुढच्या वेळी मी ते थांबवू शकेन. चूक कुणाचीच नसेल तर ते केव्हाही, कुणालाही होऊ शकतं, आणि हे मान्य करणं जास्त भीतीदायक असतं. ही गाठ ‘अगं, तुझी काय चूक’ एवढ्याने सुटत नाही. त्यावर काम करणारी थेरपी आहे, तिच्याकडे पुढे येते.

बहिणीच्या सल्ल्याबद्दल. दहा दिवस मौन, डोळे मिटून तासन्‌तास शरीराकडे लक्ष, हे विपश्यनेचं स्वरूप आहे. ज्याच्या शरीरात अजून अलार्म वाजतोय त्याला डोळे मिटून आत पाहायला लावलं की तोच प्रसंग समोर उभा राहू शकतो, आणि तिथे बोलायला कुणी नसतं. आत्ता नको. झोप आणि रोजचं जगणं सुधारल्यावर, उपचार करणाऱ्याला विचारून पाहता येईल. कपालभाती आणि भस्त्रिकाही सध्या नकोत, जलद श्वासाने तेच धडधडीचं चक्र सुरू होतं. भ्रामरी चालेल, कारण तिच्यात उच्छ्वास लांब असतो. शवासनात अस्वस्थ वाटत असेल तर डोळे उघडे ठेवा किंवा भिंतीला टेकून बसा. त्यात कमीपणा नाही.

अल्प्राझोलमबद्दल जास्त काळजी वाटते. पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) या गटातली औषधं (अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम) मुख्य उपचार म्हणून देऊ नयेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तात्पुरती झोप लागते, पण काही आठवड्यांत तेवढ्या गोळीने भागत नाही, सवय लागते, आणि भीतीला सामोरं जाऊन मेंदूने जे शिकायचं ते शिक्षणच मंदावतं. मात्र रोज घेत असाल तर उद्यापासून एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्याने घबराट दुप्पट होऊ शकते, क्वचित फिटही येते. डोस किती आणि कसा उतरवायचा हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला सगळे देतात आणि तो बहुधा उलटतो. घाबरलेलं माणूस छाती भरून मोठमोठे श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड आणखी कमी होतो. श्वास मोठा नको, संथ हवा. नाकाने नेहमीएवढाच श्वास चार आकड्यांत घ्या, सहा आकड्यांत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, तेही शांत असताना. पहिले दोन आठवडे घबराटीच्या वेळी वापरायचा प्रयत्न करू नका. सराव नसताना तो फसतो आणि ‘याने काही होत नाही’ असं वाटून सुटून जातो. श्वासाकडे लक्ष देऊनच जीव घाबरत असेल तर श्वास सोडून द्या, तळपाय फरशीवर दाबा आणि खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या.

मानेसाठी स्नायू आवळून सैल सोडायची पद्धत चांगली. मूठ, दंड, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या, पाऊल या क्रमाने प्रत्येक भाग पाच ते सात सेकंद आवळा आणि वीस-तीस सेकंद सोडून द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. बहुतेक जण आवळण्यावर जोर देतात आणि सोडताना घाई करतात. फायदा सोडण्यात आहे. जबडा मात्र आवळू नका, तो आधीच आवळलेला आहे. ओठ मिटून वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे ठेवायची सवय लावा. फोनवर दर दोन तासांनी आठवण लावली तरी पुरे.

झोपेसाठी उठायची वेळ पक्की करा, झोपायची आपोआप येते. चहा दुपारी चारनंतर बंद. घरच्यांपैकी कुणी ‘एक पेग घे, झोप लागेल’ म्हटलं तर नको म्हणा. दारूने पहिली झोप लागते आणि उत्तररात्री स्वप्नं जोराने परत येतात. एकच स्वप्न वारंवार पडत असेल तर ते दिवसाउजेडी वहीत लिहा, शेवट तुम्हाला हवा तसा बदला, आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं मनातल्या मनात पाहा. बदललेला शेवट खरा वाटायची गरज नाही. पण मूळ प्रसंग अजून दिवसाही झेपत नसेल तर हे एकट्याने करू नका.

आता स्टेशन. भीती वाटली, टाळलं, बरं वाटलं. दर वेळी मेंदू एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. आधी लोकल टाळली जाते, मग स्टेशन, मग पूल, मग गर्दीची भाजी मंडई. तुमचं वर्तुळ आत्ता कुठवर आलंय ते मोजा. स्टेशनजवळच्या फडके रोडला जाणंही टाळत असाल तर वेळ दवडू नका.

भीतीला थोडं थोडं सामोरं जायच्या पायऱ्यांची उतरंड अशी लावता येईल. पहिल्या आठवड्यात दुपारच्या वेळी स्टेशनच्या पुलावर वीस-तीस मिनिटं उभं राहायचं, गाड्या येता-जाताना पाहायच्या. मग प्लॅटफॉर्मवर, भिंतीकडच्या बाकावर. मग डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी गाडी दुपारी पकडायची, महिलांच्या डब्यात आतल्या सीटवर बसायचं आणि पुढच्याच कोपर स्टेशनला उतरायचं. पुढे दिवा, मग ठाणे, साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. मग तोच प्रवास उभ्याने. मग संध्याकाळी, थोड्या गर्दीत. प्रत्येक पायरीआधी चिठ्ठीवर लिहा: नेमकं काय होईल असं वाटतंय आणि त्याची खात्री शंभरात किती. ‘गाडीने वेग घेतला की भोवळ येऊन पडेन, ८०.’ परत आल्यावर खाली लिहा काय झालं ते. भीती शून्य व्हायची वाट पाहू नका, दहापैकी आठवरून चारवर आली की त्या दिवसापुरतं पुरे. आठवड्यातून चार-पाच वेळा केलं तर मेंदू शिकतो. पंधरा दिवसांतून एकदा केलं तर प्रत्येक वेळी नव्याने घाबरणंच होतं.

फसतं कुठे? एक, भीती शिखरावर असताना घाईने उतरणं. तेव्हा मेंदूच्या लक्षात ‘उतरलो म्हणून वाचलो’ एवढंच राहतं. शक्य तर पुढचं स्टेशन येऊ द्या, भीती जरा ओसरू द्या, मग उतरा. दोन, छुप्या कुबड्या: पूर्ण प्रवासभर नवऱ्याशी फोनवर बोलणं, डोळे मिटून घेणं, दोन्ही हातांनी दांडा आवळणं, पर्समध्ये गोळी आहे ना हे चाचपणं. सुरुवातीला एखादी चालेल, पण पायरीगणिक काढत न्या. सोबत येणारी मैत्रीण आधी शेजारी, मग पुढच्या डब्यात, मग ठाण्याला थांबलेली. गाडीत विकायला येणारी आलेपाक वडी तोंडात ठेवली तर तिखट चवीने लक्ष वर्तमानात राहतं, हरकत नाही. पण ती वडी नसली तर गाडीतच चढायचं नाही, अशी वेळ आली की तीही कुबडी झाली. तीन, आणि हे फार महत्त्वाचं: दारात उभं राहणं ही शेवटची पायरी नाही. मुंबईच्या लोकलच्या दारातला धोका खरा आहे आणि त्याला घाबरणं हा आजार नाही. आत उभं राहून, गर्दीची एखादी गाडी सोडून देऊन, शांतपणे प्रवास करता येणं एवढंच ध्येय.

गाडीत बसल्यावर आजूबाजूचं भान जातं, वेळेचा पत्ता लागत नाही, स्वतःला लांबून पाहतोय असं होतं, अशा वेळी ही उतरंड एकट्याने चढू नका. तसंच त्या बाईचा चेहरा, तो हात, ते दृश्य पुन्हा पुन्हा मनात आणायचा सराव घरी करू नका. ते काम थेरपिस्टसोबतच करायचं.

त्यासाठी सिद्ध झालेल्या पद्धती मोजक्या आहेत. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये साधारण ८ ते १५ सत्रं, बहुधा ९० मिनिटांची, आणि आठवण क्रमाने, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा सांगायची असते. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीची सत्रं १२. ‘हात धरला असता तर’सारख्या अडकलेल्या विचारांवर ती थेट काम करते, त्यामुळे तुमच्या बाबतीत मी ती आधी सुचवेन. ईएमडीआर, म्हणजे आठवण मनात ठेवून डोळ्यांची हालचाल करायला लावणारी थेरपी, हीही उपयोगी पडते. त्यातल्या डोळ्यांच्या हालचालींचा नेमका वाटा किती, यावर वाद आहे, पण पद्धत म्हणून ती चालते. औषधांत सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन यांना सर्वांत जास्त आधार आहे. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत बेचैनी आणि मळमळ वाढू शकते, आणि नेमक्या त्याच वेळी बरेच जण औषध सोडून देतात.

सत्रानंतर एक-दोन दिवस थकवा, स्वप्नं, हळवेपणा येतो, हे धरून चाला. म्हणून वेळ ठरवताना पुढे मुलांची परीक्षा किंवा ऑफिसचं सादरीकरण नको. पण त्रास सलग दोन-तीन आठवडे चढतच गेला तर ‘बरं होताना असं होतंच’ म्हणत सहन करू नका, थेरपिस्टला सांगा, वेग कमी करायला लावा. पहिल्याच भेटीत सगळं सविस्तर वदवून घेणारा, तुमच्या परवानगीशिवाय स्पर्श करणारा किंवा किती सत्रं लागतील हे कधीच न सांगणारा, असा माणूस बदलायला हरकत नाही.

जायचं कुठे? परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे, विलेपार्ल्याचं कूपर, सगळीकडे मानसोपचार ओपीडी आहे आणि केस पेपरचा खर्च खासगीच्या तुलनेत किरकोळ आहे. सकाळी लवकर जायचं, गर्दी असते. खासगीत जाणार असाल तर औषध लिहून देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. ती विचारून घ्या, विचारण्यात संकोच नको. नुसती ‘समुपदेशक’ पाटी कुणीही लावू शकतं. थेट विचारा: आघातासाठी कोणती पद्धत वापरता? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे चला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जगणं नको, स्वतःला काहीतरी करून घ्यावं असे विचार येत असतील तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता फोन करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन जा.

ऑनलाइन सत्र घेणार असाल तर वन रूम किचनमध्ये खासगी जागा मिळणं हीच मोठी अडचण. इमारतीची गच्ची, मैत्रिणीची दुपारची रिकामी खोली, ऑफिसची छोटी मीटिंग रूम, काहीतरी आधी ठरवा. भिंतीपलीकडे सासूबाई बसल्या असतील तर माणूस महत्त्वाचं तेवढंच गाळून बोलतो.

घरच्यांनी काय करावं हेही विचारलंय. ‘विसर आता’, ‘देवाने वाचवलं ना’ ही दोन्ही वाक्यं प्रेमाने म्हटली तरी तोंड बंद करतात. प्रसंगाचे तपशील खोदून विचारू नयेत, पण ती बोलू लागली तर विषय बदलू नये. मागून येताना आवाज द्यावा. लोकलने जावं लागणारी तिची कामं कायमची स्वतःकडे घेऊ नयेत, कारण तिच्याऐवजी सगळीकडे जाणं म्हणजे टाळण्याला हातभार. आईला दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, त्याने नुकसान नाही. फक्त त्यासाठी ओपीडीची तारीख पुढे ढकलू नका.

येत्या काही महिन्यांसाठी एक सूचना. पावसाळ्यात गाड्या रखडतील, गर्दी वाढेल, तेव्हा उतरंडीवर एखादी पायरी मागे येणं साहजिक आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात अडकलेल्या अनेकांना, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडलेल्या त्या पावसानंतर, आजही सलग मुसळधार लागली की झोप येत नाही. ऑक्टोबरमध्ये तुमचं वर्ष भरेल. ते ऊन, नवरात्राचे आवाज, सकाळचा तो ठरावीक उजेड शरीर आधी ओळखेल आणि कॅलेंडरकडे तुमचं लक्ष नंतर जाईल. आधीच्या दोन आठवड्यांपासून झोप आणि जेवण सांभाळा, त्या दिवशी सुट्टी घ्यायची की काम करायचं ते आधी ठरवा, आणि घरात एकट्या राहू नका.

बरं होतंय का हे ‘आज रडू आलं का’ यावरून मोजू नका. वहीत चार रकाने आखा: कशाने सुरू झालं, दहापैकी किती, ओसरायला किती मिनिटं लागली, त्यानंतर ठरलेलं काम केलं की सोडलं. महिन्याने पाहा. धडधड तितकीच वेळा होतेय, पण दोन तासांऐवजी चाळीस मिनिटांत ओसरतेय आणि तुम्ही कोपरऐवजी ठाण्यापर्यंत जाताय, तर सुधारणा आहे, भले रडणं वाढलेलं असो. रडणं थांबलंय, पण बाहेर जाणंही थांबलंय, तर नाही. उपचार करणारे पीसीएल-५ ही २० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, ८० पैकी गुण असतात आणि ३१ ते ३३ च्या पुढे सविस्तर तपासणी करतात. ती दर महिन्याला भरून घ्यायला सांगा, आणि पहिल्या भेटीला जाताना तपासण्यांच्या फाइलसोबत ही वहीही न्या. डॉक्टरांकडे दहाच मिनिटं असली तरी त्या चार रकान्यांवरून त्यांना पुष्कळ कळतं.